कापडाला दोन काठ, कागदाला चार

दादा, तुझा फोटो फाटला.

मोबाइलवरचा एवढासा फोटो ओढून दीड फुटाचा केला की चेहऱ्याचे चौकोन चौकोन दिसायला लागतात, त्याला आपण फाटणं म्हणतो. तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फ्रेम हवी म्हणून मंदा वहिनीने तो पाठवला होता. तुझा एकट्याचा दुसरा फोटोच घरात नव्हता. आयुष्यभर लोकांच्या साड्यांवर फुलं काढत बसलास, स्वतःचा एक धड फोटो ठेवला नाहीस. उधन्यातल्या ज्या फ्लेक्सच्या दुकानात मी काम करते तिथे बसून मी तुझं नाक नीट करत होते, कानाची पाळी जुळवत होते आणि मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते. अकरा महिने माझ्याशी बोलला नाहीस आणि शेवटी तोंड दाखवलंस ते असं, चौकोनांचं.

कार्यक्रमात सगळे तुला देवमाणूस म्हणाले. तुझ्या कतारगामच्या, साड्यांची डिझाइनं काढणाऱ्या स्टुडिओतला एक जण उठून म्हणाला, विलासभाईंनी कधी कोणाचं मन दुखवलं नाही. मी शेवटच्या रांगेत बसले होते, तिथेच उठून उभी राहणार होते. वहिनीकडे बघून बसून राहिले. तू देवमाणूस नव्हतास. तू हट्टी होतास, खवचट होतास, आपलं चुकलं हे जिभेवर कधी येऊ दिलं नाहीस, आणि अबोला धरण्यात तर तुझा हात कोणी धरू शकलं नसतं. लहानपणी माझ्याकडून तुझा रंगांचा डबा सांडला होता, तेव्हा सहा दिवस बोलला नव्हतास. मी सात वर्षांची होते.

तुझ्या चित्रांची पोस्टरं विकायचं हे सगळं मी डोक्यात घेतलं, हे खरं. स्टुडिओत मशीनच डिझाइन काढायला लागलं होतं आणि तुझ्या हाताला काम उरलं नव्हतं. तू दिवसभर इतरांच्या डिझाइनमधले रंग वेगळे करून द्यायचास आणि संध्याकाळी घरी येऊन वहिनीवर चिडायचास. मी म्हटलं, तुझी स्वतःची चित्रं आहेत ना वहीत, ती विकू. नेटवर अशा साइट असतात की आपण फक्त फाइल द्यायची. कोणी मागवलं की ते एक पोस्टर छापतात आणि त्याच्या घरी पाठवतात. आपल्याला ना कागद आणायचा, ना पोस्टात जायचं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "कागद कोन नेसी?" कागद कोण नेसणार. मला हसू आलं म्हणून तू आणखी चिडलास.

तू चित्र काढायचं आणि मी फाइल तयार करायची, असं ठरलं. मला वाटलं होतं, छपाईत हाडं झिजवलेला माणूस आहे, याची फाइल काय तपासायची. पहिलं चित्र तू दिलंस ते मोपेडवाल्याचं. पुढे साड्यांचं गाठोडं, मागे साड्यांचं गाठोडं आणि मध्ये हेल्मेटमधून दिसणारे दोन डोळे. उधन्याच्या रस्त्यावर रोज शंभरदा दिसणारा माणूस, पण तुझ्या चित्रात तो राजासारखा चालला होता. मी खूश होऊन फाइल जशीच्या तशी पाठवली. ती माझी चूक. नमुना छापून आला तेव्हा आपण दोघे तुझ्या ओट्यावर बसलो होतो. पुठ्ठ्याच्या नळीतून पोस्टर काढलं आणि उलगडलं, तर मोपेडची चाकं खालून कापली गेली होती, वरच्या कडेला कागदाची पांढरी रेघ राहिली होती, बाजूला सात रंगीत ठिपके एका ओळीत बसले होते, आणि सगळं चित्र असं काळवंडलेलं की सूर्यग्रहणात निघालाय तो माणूस.

ठिपके कसले ते मला लगेच कळलं. साडीच्या डिझाइनला किनारीवर तुम्ही लोक रंगांचे ठिपके ओळीने टाकता, डिझाइनचा नंबर टाकता, म्हणजे मिलमधल्या मास्तरला कुठला रंग आधी ते समजतं. ती किनार पुढे शिलाईत जाते, कोणाला दिसत नाही. तू पोस्टरवरही टाकलेस. काळं का झालं तेही कळलं. कापड धुलाईत एक शेड उतरतं, म्हणून तू प्रत्येक रंग एक शेड गडद ठेवायचास. मी विचारलं, "पोस्टर कोन धोस का, दादा?" चाकांचं मात्र मला कळेना. मी तुला दहा वेळा सांगितलं होतं की कापायच्या मशीनचं पातं थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून चित्र कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर जास्त काढायचं, आणि कामाचं काही कडेला चिकटवायचं नाही. तू डाव्या-उजव्या बाजूला ते केलंही होतंस. वर आणि खाली काहीच नाही.

"कापडले दोनच काठ ऱ्हातस, छाया," तू म्हणालास. मी काहीतरी अडाणीपणाने विचारल्यासारखं.

"हाई कापड नही शे. कागद शे. याले चार काठ शेतस."

तू पोस्टर गुंडाळून नळीत घातलंस आणि आत निघून गेलास. रात्रंदिवस ज्याच्या डोळ्यांपुढून कापडाचं ठाण जातं, त्याला वर आणि खाली नावाचा काठ असतो हे पटतच नाही. एका डिझाइनचं खालचं टोक पुढच्याच्या वरच्या टोकाला जुळतं आणि कापड पुढे जात राहतं. हे मी आता इतक्या शांतपणे लिहिते आहे. तेव्हा तुझ्या मागून घरात येऊन मी असं काही बोलले होते की वहिनीने शेजाऱ्यांसाठी खिडकी लावून घेतली.

तरी आपण केलं. तू काढायचास, मी वर-खाली जागा वाढवायचे, ठिपके पुसायचे, एक शेड उजळायचे, आणि तू प्रत्येक वेळी म्हणायचास की हिने माझ्या चित्राचं पाणी केलं. पहिली ऑर्डर आली तेव्हा तू वहिनीला तीनदा विचारलंस की हे कोण लोक आहेत आणि आपली साडीवाल्यांची मोपेड घरात कशाला लावताहेत. मला तुझा राग यायचा आणि मजाही यायची. मी खोटं बोलणार नाही, ते दीड वर्ष माझं चांगलं गेलं.

आणि हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर तू म्हणशील ही उपकार विसरली. मी दहावी झाले तेव्हा बाबा म्हणाले होते, आता आईच्या शेजारी बसून साड्यांना टिकल्या लाव. बाबा लूमवर बारा तास उभे राहून यायचे, त्यांच्याशी वाद घालायची कोणाची हिंमत नव्हती. तू वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सायकलवर बसवलंस आणि सरळ स्टुडिओत नेऊन ट्रेसिंगच्या टेबलापाशी उभं केलंस. पहिल्या दिवशी तू मला एकच गोष्ट शिकवलीस. एक बदामी ठिपका लालवर लावलास, तोच हिरव्यावर लावलास आणि विचारलंस, कुठला उजळ. मी हिरव्यावरचा म्हटलं. दोन्ही एकाच बाटलीतले होते. तू म्हणालास, रंग बघायचा असेल तर आधी त्याचा शेजारी बघायचा. माझं पोट आजपर्यंत त्या एका वाक्यावर चाललं आहे आणि मी ते तुला कधी सांगितलं नाही. तू सांगू दिलं असतंस का, हा वेगळा प्रश्न.

आता आईच्या चित्राचं.

आई जाऊन चार वर्षं झाल्यावर तू ते काढलंस. उधन्याच्या खोलीचं दार, दारात बसलेली आई, मांडीवर साडी पसरलेली, एका हातात गोंदाची बाटली. साडीचं टोक तिने पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरलेलं, कापड ताणून राहावं म्हणून. आपण दोघांनी लहानपणी हजारदा पाहिलेलं. तिची बोटं गोंदाने कायम पांढरी असायची आणि झोपताना ती रॉकेलने पुसायची. तुझ्या चित्रात तो पांढरेपणाही होता. ते पाहून मी रडले आणि तू म्हणालास, रडू नको, फाइल बघ.

फाइल बघितली. नमुना मागवला. साडी सुरेख आली, दार सुरेख आलं, आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग. डोळे नाहीत, नाक नाही. पडद्यावर दिसतं ते कागदावर दिसत नाही, कागदाला मागून उजेड नसतो, हे मी तुला समजावलं. तू म्हणालास, आई काळी होती. मी म्हटलं, काळी होती पण तिला डोळे होते. तू म्हणालास, चेहऱ्याला हात लावायचा नाही. दोन आठवडे हेच चाललं. फोनवर, तुझ्या ओट्यावर, एकदा तर भाजीवाल्याच्या गाडीपाशी. मग तू वहिनीच्या माहेरी लग्नाला अमळनेरकडे गेलास आणि मी हात लावला.

चेहरा निवडला, उजळत नेला, आणि फाइल साइटवर चढवली. तुझ्या नावाने. तुला न विचारता.

चौथ्या दिवशी तू माझ्या दारात उभा राहिलास. स्टुडिओत कोणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं. आत आला नाहीस, चप्पल काढली नाहीस.

"तू मायले गोरी करी टाकं," तू म्हणालास.

मी सांगायला लागले, अरे छपाईत, अरे कागदावर. तू ऐकलं नाहीस. "तुले तिनी लाज वाटस," एवढं म्हणालास आणि जिना उतरून गेलास. मी त्याच दुपारी ती फाइल काढून टाकली. तोवर तीन पोस्टरं गेली होती. कुठल्या तरी तीन घरांत आपली आई भिंतीवर गोरी बसली आहे, अजून.

त्या वाक्यासाठी मी तुला माफ केलेलं नाही. तू गेलास म्हणूनही नाही. मला आईची लाज वाटते? तिचं आजारपण कोणी काढलं? तू संध्याकाळी येऊन तिच्या उशाशी बसायचास आणि सगळे म्हणायचे, मुलगा किती करतो. दिवसभराचं करणारी मी. हे मी तुझ्या तोंडावर बोलणार होते. वाक्यं तयार ठेवली होती. अकरा महिने ती रोज घासूनपुसून ठेवत होते.

पण एक गोष्ट मी तुझ्यापाशी बोलणार नव्हते, ती आता बोलते. चेहरा उजळत नेताना एका जागी आईचे डोळे दिसायला लागले होते. तिथे थांबायला हवं होतं. छपाईला तेवढं पुरत होतं, आणि हे माझ्याइतकं कोणाला कळतं. मी थांबले नाही. थोडी पुढे गेले. आई छान दिसायला लागली होती, दादा. लग्नाच्या अल्बमात बायका दिसतात तशी. मला पुढे न्यावंसं वाटलं आणि मी नेलं. शाळेत मला रंगावरून काय काय म्हणायचे ते तुला ठाऊक आहे, मी गोरं व्हायची क्रीम लपवून आणायचे ती तूच एकदा पकडून मोरीत फेकली होतीस. म्हणजे माझ्या दारात उभा राहून तू जे बोललास ते पूर्ण खोटं नव्हतं. म्हणून तर इतकं लागलं.

या अकरा महिन्यांत तू काय काय केलंस ते माझ्या लक्षात आहे. चुलतभावाच्या घरी जेवणाची पंगत होती, तू माझ्या समोर बसलास आणि वहिनीला म्हणालास, तिला विचार भात हवा का. मी वहिनीला म्हटलं, त्याला सांग नको. एकदा उधना दरवाजाच्या बस थांब्यावर आपण पाच हातांवर उभे होतो. तू येणाऱ्या बसचा नंबर बघत राहिलास, बस यायची होती तरी. मीही मोबाइल काढला. त्यावर काहीच नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, थांबू दे, हा आधी वाकेल. तुलाही तेच वाटत असणार, एकाच आईची पोरं आपण.

त्याच रस्त्यावरच्या बसमध्ये सकाळी कामावर जाताना तू खिडकीला डोकं टेकवलंस. कंडक्टरला वाटलं झोप लागली. कतारगाम आलं तरी उठला नाहीस. मला वहिनीचा फोन आला तेव्हा मी लग्नपत्रिकेत नवरीच्या नावाचा टाइप बदलत होते. मला आधी राग आला. खरं सांगते, दुःखाच्या आधी राग आला. असा मधेच उठून निघून जातो कोणी?

कार्यक्रम झाल्यावर, मेणबत्त्या विझवून सतरंज्या गोळा केल्यावर, वहिनीने मला आत बोलावलं. तुझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क एका रुमालात बांधून ठेवली होती.

"माले त्यामधलं काही समजत नही. तुनंच शे ते, ली जाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "दर रविवारे बठेत ते. सकायपासून. मी पुसं तर सांगेत, छायानं काम शे."

छायाचं काम आहे. अकरा महिने दर रविवारी माझं काम चाललं होतं आणि मलाच पत्ता नव्हता. दोन दिवस मी त्या रुमालाची गाठ सोडलीच नाही. काल सकाळी दुकान उघडायच्या आधी सोडली.

फाइलचं नाव तू साडीच्या नंबरासारखंच ठेवलं होतंस, पुढे फक्त "माय". उघडली. आधी माझ्यातल्या कारागिरणीने माप बघितलं. बरोबर. फाटणार नाही एवढी दाट आहे का, बघितलं. होती. मग आईकडे बघितलं. तिचे डोळे दिसत होते. कपाळावरची आठी दिसत होती, वरच्या ओठावरचा तीळ दिसत होता. मी म्हटलं, बघ, शेवटी उजळलासच ना, मग माझ्यावर कशाला उठला होतास. मी तुझी पहिली, मी हात लावायच्या आधीची फाइल काढून तिच्या चेहऱ्याचा रंग तुझ्या नव्या फाइलशी ताडून बघितला.

तोच होता. चेहऱ्याला तू हात लावला नव्हतास. दार बदललं होतंस, भिंत बदलली होतीस, मांडीवरच्या साडीचा गर्द जांभळा उतरवून मातकट केला होतास. गालापाठीमागे दाराबाहेरचं ऊन आणून ठेवलं होतंस. सगळे शेजारी बदललेस आणि आई तशीच ठेवलीस, काळी, आणि स्पष्ट. माझ्यासाठी मी दुकानात एक छापून बघितली. कागदावरही ती तशीच आली, डोळ्यांसकट.

मला ते सुचलं नव्हतं. तूच शिकवलेलं होतं आणि मला सुचलं नव्हतं. त्यासाठी तुझ्या पाया पडावं असं वाटलं आणि त्याच वेळी तुझी गचांडी धरावीशी वाटली. एक फोन करायचा ना. "छाया, जमलं" एवढंच. की रविवारी ये, बघ, असं म्हणायला जीभ झडली असती?

मग कडा बघितल्या. डाव्या-उजव्या बाजूला कापून जाणारी तीन मिलिमीटरची पट्टी तू बरोबर सोडली होतीस. उजव्या पट्टीत काहीतरी होतं म्हणून मोठं करून पाहिलं. रंगांचे ठिपके, ओळीने, किनारीवर टाकतोस तसे. आणि ठिपक्यांच्या खाली तुझ्या हाताचं, मुंगीएवढं, "छाया, हात लावू नको."

ती पट्टी विकत घेणाऱ्याला कधी दिसत नाही. छापणाऱ्याचं पातं ती कापून टाकतं. फाइल तयार करायला बसतो त्यालाच ती दिसते. म्हणजे तुझी खात्री होती की ही फाइल माझ्याच पुढ्यात येणार. माझ्याशी बोलायचं नाही, पण काम माझ्याकडूनच करून घ्यायचं. दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं, मालक येऊन उभा राहिला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला, बेन, शुं थयुं. मी म्हटलं, काही नाही, भाऊ भांडतोय.

डोळे पुसून मी वरची कड बघितली आणि खालची बघितली. दादा, वर काही नाही. खाली काही नाही. दीड वर्ष मी घसा फोडला, अकरा महिने तू रविवारी बसलास, आणि काठ तेवढे दोनच. वर नुसती भिंत आहे, तिथे पांढरी रेघ आली असती तर मी सोडूनही दिलं असतं. पण खाली आईचे पाय आहेत. अगदी कडेला. साडीचं टोक धरलेली ती दोन बोटं, गोंदाने पांढरी झालेली, बरोबर पात्याखाली. ती कापली गेली असती आणि साडी नुसती हवेत लोंबली असती.

काल दिवसभर मी ती फाइल तशीच ठेवली. हात लावू नको म्हणालास ना.

आज सकाळी आईच्या पायाखालची लादी मी तीन मिलिमीटर पुढे नेली. भिंतही तेवढीच वर नेली. तुझा रंग उचलूनच केलं, तुझे ठिपके आणि तुझं लिहिलेलं पट्टीत तसंच ठेवलं, आणि फाइल तुझ्या नावाने साइटवर चढवली. तुला न विचारता.

लावला हात. ये आता भांडायला.